संमतीचा घटस्फोट की लढवायचा दावा : मूल असलेल्या पालकांसाठी तुलना

मूल नसलेल्या जोडप्यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खालचा लढवायचा दावा आणि कलम १३ ब खालची संमतीची संयुक्त याचिका यांतील निवड बहुतेक वेळा पैसा, वेळ आणि मनस्ताप यांच्या हिशेबावर होते. मूल असेल तर हा हिशेब पुरा पडत नाही, आणि हे लिखाण अशा पालकांसाठीच आहे. आमचे प्रकरण लढवायचा दावा म्हणून सुरू झाले, त्यातच मुलीच्या ताब्याचा अर्ज झाला, अंतरिम भेटीचा आदेश झाला, आणि पुढे दोघांच्या सह्यांनी ते संमतीच्या याचिकेत रूपांतरित होऊन संपले. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एकाच कौटुंबिक न्यायालयात या दोन्ही पद्धती मला पक्षकार म्हणून पाहता आल्या. मी वकील नाही. पुढची मते पक्षकाराच्या बाकावरून बनलेली आहेत आणि त्यांना तेवढेच वजन द्यावे.

दाव्याच्या बाजूने बोलायचे तर त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू ही की तो दुसऱ्या बाजूच्या मर्जीवर अवलंबून नसतो. जोडीदार समन्स घेत नसेल, उत्पन्न लपवत असेल किंवा मुलाला भेटूच देत नसेल, तर न्यायालयाला आदेश द्यायला लावण्याचा मार्ग तोच आहे. कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागता येते, कलम २६ खाली प्रकरण चालू असतानाच ताबा, शिक्षण आणि पालनपोषण यांविषयी आदेश मिळतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या अर्जात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, ही गोष्टही लहान नाही. ज्या घरात मारहाण आहे, धमक्या आहेत, तिथे संमतीचा आग्रह धरणे अन्यायाचे ठरेल. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आणि लढवायचा दावा हेच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र दाव्याचा प्रवास लांब असतो. समन्स, समुपदेशकांसमोरच्या बैठका, लेखी कैफियत म्हणजे दाव्याला दिलेले उत्तर, वादाचे मुद्दे ठरवणे, पुराव्याचे शपथपत्र, उलटतपासणी आणि युक्तिवाद या प्रत्येक टप्प्याला स्वतःच्या तारखा असतात. नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे हिंदू विवाह कायद्याचे कलम २१ ब सांगते, पण सकाळी न्यायालयाबाहेर लावलेला त्या दिवशीच्या प्रकरणांचा बोर्ड वाचला की हा कालावधी कितपत शक्य आहे, ते पक्षकाराला न सांगता कळते. यात दोष कोणा एका न्यायाधीशांचा नाही. ज्यांच्यासमोर आमचे प्रकरण होते त्या न्यायाधीश शांतपणे ऐकून घेत, आणि मुलीला दालनात बोलावून तिच्याशी बोलल्या तेव्हा त्यांनी आम्हा दोघांनाही बाहेर थांबवले, हे मी कृतज्ञतेने नोंदवतो.

ताब्याबाबत कायद्याचे सूत्र दोन्ही मार्गांत एकच आहे. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे राहते, त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वोपरी असते, आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार समज असलेल्या मुलाची पसंतीही विचारात घेता येते. फरक पडतो तो हे हित कोण मांडते यात. दाव्यात ते आरोपांच्या भाषेत मांडले जाते, कारण दुसरा पालक अपुरा आहे असे दाखवल्याशिवाय स्वतःची बाजू उभी राहत नाही अशी समजूत दोन्ही वकिलांच्या कार्यालयांत असते. सुनावणी बंद दाराआड होऊ शकते, कागद मात्र दोन्ही घरांत पोहोचतात, आणि कैफियतीतले एखादे वाक्य दोन्हीकडच्या आजी-आजोबांच्या मनातून कधीच जात नाही.

तरीही माझा निर्णय या कागदांनी झाला नाही. तो झाला अर्ज आणि म्हणणे, म्हणजे एका बाजूचा अर्ज व त्यावर दुसऱ्या बाजूचे लेखी उत्तर, या व्यवस्थेमुळे. अंतरिम आदेशाप्रमाणे भेट ठरावीक शनिवारी, ठरावीक वेळात, न्यायालयाच्या आवारातल्या मुलांसाठीच्या खोलीत होत असे. तिथे भिंतीवर चित्रे होती, प्लास्टिकच्या लहान खुर्च्या होत्या, कोपऱ्यात खेळण्यांचे कपाट होते, आणि आल्यावर व जाताना नोंदवहीत सही करावी लागे. त्या खोलीबद्दल माझी तक्रार नाही; ज्यांना दुसरी जागाच उपलब्ध नाही त्यांच्यासाठी ती मोठा आधार आहे. अडचण ही की आदेशात जे लिहिले त्याच्या बाहेरची कोणतीही गोष्ट, मग ती कितीही साधी असो, नव्या अर्जाशिवाय होत नव्हती. मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन एका शनिवारी आले. ती कोळीनृत्यात होती आणि मी ते पाहावे अशी तिची इच्छा होती. त्या दिवसाची भेट न्यायालयाऐवजी शाळेत व्हावी एवढ्यासाठी अर्ज द्यावा लागला. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत, ‘सामनेवाल्यांचे (दुसऱ्या बाजूचे) म्हणणे’ अशी नोंद होऊन पुढची तारीख पडली. आणि म्हणणे दाखल झाले तेव्हा त्यात कोणतीही हरकत घेतलेली नव्हती, पण तोवर स्नेहसंमेलन होऊन गेले होते.

तिच्या आईने अडवले नव्हते, न्यायालयाने नाकारले नव्हते, वकिलांनी दिरंगाई केली नव्हती. प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे केले, आणि तरीही मुलीला जे हवे होते ते घडले नाही. आजारपण, पासपोर्टसाठीची सही, मामाच्या लग्नामुळे बदललेला शनिवार, सहलीचे संमतीपत्र या प्रत्येक प्रसंगी थोड्याफार फरकाने हेच होत राहिले. मुलाचे आयुष्य आठवड्या-आठवड्याने बदलते आणि दाव्याची चाल तारखेने ठरते, हा मेळ बसवणे न्यायालयाच्या हातात नाही, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

संयुक्त याचिकेत हाच प्रश्न एका कलमात सुटला. तडजोडीच्या अटींमध्ये आम्ही लिहिले की शाळेच्या सर्व कार्यक्रमांना दोन्ही पालकांना उपस्थित राहता येईल आणि त्यासाठी परस्परांच्या वा न्यायालयाच्या वेगळ्या परवानगीची गरज राहणार नाही. दिवाळीची सुटी एका वर्षी कोणाकडे आणि पुढच्या वर्षी कोणाकडे, मे महिन्याची विभागणी, गणपतीत कोणत्या दिवशी कोणाकडे, आजारी असल्यास चुकलेली भेट कधी भरून काढायची, व्हिडिओ कॉलची वेळ, शाळा बदलायची झाल्यास कोणाला किती आधी कळवायचे, पासपोर्टच्या कागदांवर किती दिवसांत सही द्यायची, हे सारे कागदावर आले. हा मसुदा करायला बरेच आठवडे लागले आणि काही बैठका कटूही झाल्या, परंतु त्या कटुतेतून हाती काहीतरी आले. अशा अटी लिहिताना ‘वाजवी भेट’ किंवा ‘सोयीनुसार’ असे शब्द टाळावेत, वार आणि वेळ लिहावी, असा माझा आग्रह राहील.

संमतीच्या मार्गाचे दोष मी झाकू इच्छित नाही. याचिका दाखल करण्यापूर्वी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते, आणि पहिल्या (याचिका दाखल करण्याच्या) व दुसऱ्या (अंतिम संमती नोंदवण्याच्या) टप्प्यात सहा महिन्यांचे अंतर असते. २०१७ च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर निकालाने हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला मान्य केला, पण त्यासाठी विभक्त राहण्याचा काळ पुरेसा झालेला असावा, समेटाचे प्रयत्न निष्फळ ठरलेले असावेत आणि पोटगी व ताबा यांचा निकाल दोघांत लागलेला असावा. अधिक गंभीर धोका दुसरा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे की हुकूमनामा, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत एक पक्ष संमती मागे घेऊ शकतो, म्हणून सर्व रक्कम पहिल्याच टप्प्यावर देणे किंवा सर्व हक्क पहिल्याच टप्प्यावर सोडणे शहाणपणाचे नाही. देणी टप्प्यांना बांधावीत. शिवाय मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क असल्यामुळे आईवडिलांनी आपसात ती सोडून दिली तरी पुढे ती मागता येते, आणि परिस्थिती बदलल्यास ताब्याच्या अटीही न्यायालय बदलू शकते. अट मोडली गेली तर दरखास्तीसाठी, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी मागण्यासाठी, पुन्हा त्याच दारात जावे लागते. संमतीच्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली अपील होत नाही. काहींना ही उणीव वाटेल, मला ती मोठी सोय वाटली, कारण उच्च न्यायालयातली पुढची फेरी त्यामुळे उरत नाही.

खर्चाविषयी फार लिहीत नाही. वकिलांचे शुल्क गावोगाव वेगळे असते, आणि दाव्यात ते तारखांबरोबर वाढते, हे बहुतेकांना ठाऊक असते.

दुसरी बाजू बोलायलाच तयार नसेल तर माझ्या पसंतीचा उपयोग नाही, हे मान्य आहे. अशा वेळी दावा अवश्य दाखल करावा, अंतरिम भेटीचा अर्ज त्याच दिवशी जोडावा, आणि त्या अर्जात शाळेचे कार्यक्रम, वाढदिवस, सण आणि आजारपण यांची तरतूद आधीच मागून घ्यावी, म्हणजे प्रत्येक प्रसंगी नवे म्हणणे मागवावे लागणार नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, त्यामुळे समुपदेशकांच्या बैठकीत घटस्फोटाच्या कारणांवर न बोलता आधी फक्त मुलाच्या वेळापत्रकावर बोलण्याची विनंती करता येते. आमच्याकडे सुरुवात तशीच झाली. वेळापत्रकावर एकमत झाले, मग पैशांवर, आणि पुढच्या तारखेला दोन्ही वकिलांनी याचिका कलम १३ ब मध्ये रूपांतरित करण्याचा संयुक्त अर्ज दिला.