टोकियोत एकच टीमलॅब पाहायचं असेल तर

टोकियोच्या सहलीत अर्धा दिवस मोकळा आहे आणि मन दोन तिकिटांत अडकलंय: तोयोसूचं टीमलॅब प्लॅनेट्स की अझाबुदाई हिल्सच्या तळघरातलं बॉर्डरलेस? दोन्ही डिजिटल कलेची संग्रहालयं, टीमलॅब या एकाच गटाची. कलाकार, प्रोग्रॅमर, इंजिनियर मिळून २००१ पासून काम करणारा हा गट. म्हणून लोक म्हणतात, कुठलंही बघा, सारखंच. मला ते पटत नाही.

प्लॅनेट्समध्ये शिरताच बूट-मोजे कप्प्यात ठेवायचे. अनवाणी, अंधारात, वरून पाणी वाहत येणाऱ्या चढावर चालायचं. एका खोलीत जमीनच मऊ. पाय रुततो, तोल जातो, अनोळखी माणसाचा हात धरावा लागतो. आणि मग ते गुडघ्यापर्यंतचं दुधाळ पाणी. त्यावर प्रकाशाचे ‘कोई’ (रंगीत जपानी कार्प) मासे पोहतात आणि पोटरीला धडकले की त्यांची फुलं होतात. आधी चित्रित केलेलं काही नाही. माणसं कुठे आहेत ते पाहून संगणक त्याच क्षणी चित्र काढत असतो. मासा खोटा, पाणी खरं. तरी मासा जवळ आला की पाय आपोआप मागे जातो. माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल.

बॉर्डरलेस डोळ्यांचं आणि भटकण्याचं. आधी ते टोकियोच्याच ओदाइबा भागात होतं, २०२२ मध्ये बंद झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये अझाबुदाईत आलं. नकाशा मिळत नाही. एका दालनातली चित्रं भिंत सोडून बोळात येतात, दुसऱ्या दालनात घुसतात. मघाची खोली परत सापडली तरी वेगळी दिसते. चहाघरात मात्र बसा. चहा ओतला की वाटीत प्रकाशाचं फूल उमलतं, आणि चहा संपला की फूलही संपतं. (चहा साधा जपानी, आपला उकळलेला नव्हे.)

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी प्लॅनेट्सच सांगेन. पोरं बरोबर असतील तर नक्कीच. जानेवारी २०२५ मध्ये तिथे उड्या मारायला, चढायला नवा भाग जोडलाय. गुडघे कुरकुरणारी आई सोबत असेल तर बॉर्डरलेस, तिथे पाण्यात उतरायचं नाही.

तिकिटं वेळेची असतात, दर दिवसागणिक बदलतात. आधीच काढून ठेवा. प्लॅनेट्सला गुडघ्यावर दुमडता येईल अशी पँट घाला. साडी, स्कर्ट नको, काही खोल्यांत जमिनीलाच आरसे आहेत.