पिवळी गोनिओपोरा आणि न आलेलं बिल

काल एका विक्रेत्याच्या स्टेटसला तोच फोटो पुन्हा दिसला. लिंबासारखी पिवळीधमक गोनिओपोरा (हे एक दगडी प्रवाळ), खाली ‘फक्त दोन पीस शिल्लक’. तसलीच एक माझ्या टँकमध्ये नऊ आठवडे होती, म्हणून गप्प बसवत नाही.

माझा रीफ टँक, म्हणजे प्रवाळं वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक, चार वर्षांचा आहे. पुण्यात आरओच्या पाण्यात मीठ कालवून समुद्र करायचा, क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५) राखायची, उन्हाळाभर चिलर चालवून पाणी २५-२६ अंशांवर धरायचं. झोअँथस, मशरूम, लेदर अशी मऊ प्रवाळं त्यात छान वाढली. गोनिओपोराचा मोह मात्र जुना. लांब देठांवर फुलासारखे पॉलिप (प्रवाळातले छोटे जीव), प्रत्येकाला चोवीस टेंटॅकल म्हणजे स्पर्शक, सगळं रान प्रवाहात डोलतं. पण ती महिनोन्‌महिने फुललेली दिसते आणि उपासमारीने हळूहळू संपते, असं जुने हौशी सांगत. म्हणून मी कधी धाडस केलं नव्हतं.

विक्रेता म्हणाला, “ताई, ही बाहेरच्या फार्मवर वाढवलेली आहे. कागद आहेत सगळे. खायला काही लागत नाही, लाइटवर जगते.” मी साडेसहा हजार भरले. बिल पार्सलसोबत येणार होतं, ते आलं नाही.

पहिल्यांदा पाणी बदललं तेव्हा पांढऱ्या बादलीत फिकट पिवळी झाक दिसली. तेव्हाच ओळखायला हवं होतं. प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाचं शैवाल असतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्याचा स्वतःचा रंग तपकिरी असतो. ते निघून गेलं की प्रवाळ पांढरं पडतं. असं पांढरं पडलेलं, उपाशी प्रवाळ रंगात बुडवून विकतात. ‘लाइटवर जगते’ म्हणून मला दिलेल्या जिवात उजेडावर अन्न करणारं शैवाल जवळपास उरलंच नव्हतं.

हे कळायच्या आधी मी रोज स्वतःलाच दोष देत होते. पाण्याच्या चाचणीत अल्कलिनिटी, कॅल्शियम, सगळं जागेवर. तरी जागा बदलली, पंपाची दिशा बदलली, रात्री पिपेटने बारीक खाद्य सोडलं. रंग उतरत गेला, पॉलिप आखडले. नवव्या आठवड्यात तपकिरी, चिकट जेलीसारखा थर चढला आणि दोन दिवसांत नुसता सांगाडा राहिला.

तो उलटा करून पाहिला. प्रवाळ प्लगवर, म्हणजे ज्या छोट्या बैठकीवर ते विकतात तिच्यावर, वाढलेलं नव्हतं, डिंकाने चिकटवलेलं होतं. फार्मवर वाढवलेल्या तुकड्याचं (फ्रॅगचं) मांस प्लगच्या कडेवर पसरलेलं असतं. इथे छिन्नीने तोडल्यासारखी सरळ कड होती, आणि तुटल्या जागी एरवी पांढरा असणारा सांगाडाही पिवळा होता.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, “तक्रार कुठे करणार ताई? प्रवाळ तुमच्या घरात होतं.” माझा मामेभाऊ वकील आहे. त्याने सांगितलं तेव्हा त्या वाक्याचा अर्थ लागला. २००१ पासून आपल्या समुद्रातली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती तोडण्या-विकण्याच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि विकत घेऊन बाळगणाराही सुटत नाही. परदेशातून खरंच आणलेलं असेल तर सायटिसची (दुर्मीळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) कागदपत्रं हवीत. बिल का आलं नाही, ते तेव्हा कळलं. ग्राहक म्हणून फसले, वर तोंड उघडायचीही भीती.

निळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोवर पैसे देऊ नका, त्यात खरा रंग कळत नाही. पांढऱ्या उजेडातला व्हिडिओ मागा, प्लग उलटा करून दाखवायला सांगा. परवान्याची प्रत पैसे देण्याआधी हातात घ्या. ती नसेल तर मऊ प्रवाळांवरच थांबा, माझं तर आता तेच ठरलं आहे.

कालचा फोटो मी मोठा करून पाहिला. त्यातही प्लगची कड कुठेच दिसत नाही.