डेटालॅड कॉन्डातून : काही महिन्यांच्या वापरानंतर

डेटालॅड, म्हणजे मोठ्या डेटा-फाइली आणि त्यांच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल, घ्यायचं ठरवलं असेल तर लिनक्सवर ते कॉन्डा-फोर्जवरूनच (कॉन्डा या पॅकेज बसवणाऱ्या टूलचं सार्वजनिक भांडार) घ्या, हे आधीच सांगून टाकते. डेटालॅड स्वतः पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे, पण मोठ्या फाइली सांभाळण्याचं खरं काम त्याच्या खालचं गिट-अ‍ॅनेक्स (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटला जोडलेलं टूल) करतं, आणि ते हॅस्केलमध्ये आहे. नुसतं 'पिप इन्स्टॉल डेटालॅड' केलं की डेटालॅड येतं, गिट-अ‍ॅनेक्स येईलच असं नाही, आणि ते नसलं की पहिला डेटासेट तयार करतानाच गाडी अडते. कॉन्डा दोन्ही एकदम आणतं, शिवाय सगळं आपल्या होम फोल्डरमध्ये बसतं. सामायिक सर्व्हरवर 'सुडो'चे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार आपल्याकडे नसतात, तिथे हा फार मोठा आधार आहे. डेबियन-उबुंटूवर तिथल्या 'ॲप्ट' या पॅकेज-टूलनेही काम होतं, फक्त आवृत्ती बरेचदा जुनी मिळते. कॉन्डातही बेस (मूळच्या) एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे पॅकेजच्या स्वतंत्र कप्प्यात, टाकू नका, वेगळं एन्व्हायर्नमेंट करा. मग 'डेटालॅड डब्ल्यूटीएफ' चालवा, कोणत्या आवृत्त्या बसल्यात ते सगळं समोर येतं.

मी हे वापरतेय ते मुख्यतः मेंदूच्या एमआरआय डेटासाठी. ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या खुल्या साठ्यावरचा डेटासेट क्लोन केला (त्याची प्रत घेतली) की मोठ्या फाइलींची नुसती नावं येतात, आतला मजकूर नाही. हवी ती फाइल 'गेट'ने आणायची, काम झालं की 'ड्रॉप'ने सोडायची. लॅपटॉपची डिस्क भरायची कटकटच संपली. आणि ड्रॉप डोळे मिटून काही पुसत नाही. दुसरीकडे प्रत असल्याची खात्री झाली नाही तर ते सरळ नकार देतं. माझ्या स्वतःच्या स्कॅनवर प्रक्रिया करून तयार झालेली एक फाइल अजून कुठेच पाठवलेली नव्हती, ती त्याने सोडू दिली नाही. त्या दिवसापासून या टूलवर माझा विश्वास बसला.

सवय व्हायला वेळ लागतो तो सिमलिंकची, म्हणजे खऱ्या फाइलीच्या जागेकडे नेणाऱ्या दुव्याची. फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस -एल' केलं की प्रत्येक फाइल डॉट-गिटच्या आतल्या लांबलचक नावाकडे बोट दाखवते, आणि ती रीड-ओन्ली असते. जुन्या स्क्रिप्ट त्याच फाइलवर लिहायला गेल्या की 'परमिशन डिनाइड'. आधी 'अनलॉक' करा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे स्क्रिप्ट 'डेटालॅड रन'मधून चालवा. इनपुट आणि आउटपुट सांगितलं की ते लागणाऱ्या फाइली स्वतः आणतं, लिहायच्या फाइली मोकळ्या करतं आणि कोणत्या कमांडने काय तयार झालं याची नोंद गिटच्या इतिहासात ठेवतं ते वेगळंच. कोड आणि छोट्या मजकूर-फाइलींसाठी डेटासेट तयार करतानाच 'टेक्स्ट-टू-गिट' लावा, म्हणजे त्या अ‍ॅनेक्समध्ये जाऊन लॉक होत नाहीत.

तक्रारी आहेतच. हजारो बारीक फाइली एकाच डेटासेटमध्ये कोंबल्या की 'सेव्ह' आणि 'स्टेटस' रेंगाळतात. प्रत्येक रुग्णाचा किंवा टप्प्याचा सबडेटासेट (आतला वेगळा छोटा डेटासेट) करणं हाच उपाय. विंडोजवर सिमलिंक नीट चालत नसल्याने ते वेगळ्या पद्धतीने काम करतं आणि फाइली दुप्पट जागा खाऊ शकतात. तिथे मी डब्ल्यूएसएलमध्येच (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरा म्हणेन.

अपग्रेड करताना चालू एन्व्हायर्नमेंटला हात लावू नका. नवीन बनवा, एका छोट्या डेटासेटवर गेट, सेव्ह आणि ड्रॉप करून बघा, मगच जुनं काढा.