एलएलव्हीएमची टेस्ट सूट: काही महिने वापरल्यावर

घरच्या लॅपटॉपवर एलएलव्हीएमचं (कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारी साधनं, बनवण्याचा मुक्त प्रकल्प) काम झेपतं का, असं इथं सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं मला विचारतात. झेपतं, आणि त्याचं श्रेय मी टेस्ट सूटला, म्हणजे कोड बदलल्यावर काही बिघडलं का ते तपासणाऱ्या छोट्या टेस्टच्या संचाला, देतो. पावसाळ्यापासून १६ जीबी रॅमवर ती जवळजवळ रोज चालवतोय.

त्रास टेस्टपेक्षा बिल्डचाच जास्त. लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडायला, रॅम पुरत नाही. सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी ठरवणारं साधन) टार्गेट, म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा तो, फक्त एक्स८६ ठेवा, लिंकर एलएलव्हीएमचाच एलएलडी घ्या, लिंक जॉब एका वेळी एकच. बिल्ड रिलीज, पण असर्शन (कोडमधल्या आतल्या तपासण्या) चालू हवेतच. ते बंद असले तर कंपायलरच्या आतल्या कितीतरी चुका टेस्टमध्ये दिसतच नाहीत. मध्येच लाइट गेली तरी बिल्ड चालवणारं निन्जा झालेलं काम पुन्हा करत बसत नाही.

टेस्टची रचना मात्र मला मनापासून आवडते. आयआरच्या (कंपायलरची आतली मधली भाषा) फाइलमध्ये वरतीच कॉमेंटमध्ये 'रन' ओळ असते. ती कमांड लिट हा टेस्ट चालवणारा प्रोग्राम चालवतो, आणि फाइलचेक हा दुसरा प्रोग्राम तिचं आउटपुट त्याच फाइलमधल्या 'चेक' ओळींशी ताडून बघतो. इनपुट आणि अपेक्षित उत्तर शेजारी शेजारी! इन्स्टकम्बाइन (सूचना एकत्र करून सोप्या करणारा कंपायलरचा टप्पा) काय करतं ते मला कोडपेक्षा त्याच्या टेस्ट वाचून आधी कळलं. रोज मी लिटला ज्यावर काम चालू आहे तेवढीच डिरेक्टरी देतो. सगळी सूट पॅच (कोडमधला बदल) पाठवण्याआधी. लिट प्रोसेसरचे सगळे कोर वापरतो, लॅपटॉप तापतो, म्हणून उन्हाळ्यात जॉब कमी करा.

'एक्सफेल' (ही नापास होणार हे माहीत आहे, अशी खूण) लावलेली टेस्ट अचानक पास झाली तर लिट तेही अपयशच धरतो. हे फार चांगलं आहे, जुनी खूण विसरून राहत नाही. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरच्या डेजाग्नू या टेस्ट चालवणाऱ्या साधनामध्ये आधीच्या आणि नंतरच्या निकालांच्या फाइली स्वतः ताडाव्या लागतात.

'चेक-नॉट'वर, म्हणजे आउटपुटमध्ये अमुक येऊ नये असं सांगणाऱ्या ओळीवर, माझा विश्वास नाही. फंक्शनचं नाव बदललं तर जुनं नाव सापडणारच नाही, आणि टेस्ट काहीही न तपासता पास होते. शक्य तिथं काय यायला हवं तेच लिहा.

अपेक्षित ओळी आपोआप भरणारी पायथन स्क्रिप्ट सोयीची आहे, पण कंपायलरनं चुकीचं उत्तर दिलं तर ती तेच बरोबर म्हणून लिहून ठेवते. ती चालवल्यावर गिटचा डिफ (काय बदललं त्याची यादी) ओळ न् ओळ वाचा, मगच कमिट करा.