पाचवीच्या गणितासाठी छापील अध्ययन नोंदवही : एक अभिप्राय

यंदा आमच्या शाळेने पाचवीच्या गणितासाठी बाजारात मिळणारी छापील अध्ययन नोंदवही घेतली. प्रत्येक पानावर ‘आज काय शिकलो’, ‘कुठे अडलो’ आणि ‘कोणता प्रश्न पडला’ असे तीन रकाने, खाली शिक्षकांचा शेरा आणि शेजारी गुणांची चौकट, अशी तिची मांडणी आहे. कागद जाड व शिवण पक्की आहे.

वहीचे खरे मोल ‘कुठे अडलो’ या रकान्यात आहे. अपूर्णांकांची लहानमोठी तुलना शिकवून झाल्यावर एका मुलीने तिथे लिहिले, ‘१/३ हा १/२ पेक्षा मोठा का नाही? ३ तर २ पेक्षा मोठा आहे.’ समच्छेद करण्याची रीत पाठ असल्यामुळे चाचणीत तिने असेच उदाहरण अचूक सोडवले होते. छेद वाढला की एकेक भाग लहान होतो, हे तिला उमगलेले नाही, याचा पत्ता नुसत्या उत्तरपत्रिकेवरून लागलाच नसता. दुसऱ्या दिवशी कागदी पट्ट्यांना घड्या घालून तो घटक पुन्हा घेतला, तेव्हा तिची नोंद आली, ‘जास्त घड्या घातल्या की तुकडा बारीक होतो.’ मूल्यमापनाकडून मला हेच हवे असते.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, त्यातील आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकत असतानाच होणाऱ्या मूल्यमापनाच्या, साधनांत स्वयंमूल्यमापनालाही जागा आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही प्रगतिपत्रकात त्याचा आग्रह धरला आहे. त्यामुळे अशा वहीची गरज खरीच आहे. मात्र गुणांची चौकट हा तिचा मोठा दोष आहे. नोंदीला गुण मिळतात हे कळताच मुले ‘सगळे समजले’ असे लिहू लागतात, आणि ज्यासाठी वही घेतली तो रकानाच कोरा राहतो. आम्ही त्या चौकटीवर कागद चिकटवला आहे. शिवाय रकान्यांतील ओळी पाचवीच्या अक्षराला फारच अरुंद आहेत आणि आकृती काढायला जागा नाही.

सध्याच्या स्वरूपात ही वही घेण्याची शिफारस मी करणार नाही. साध्या दुरेघी वहीत हेच तीन प्रश्न मुलांकडून लिहून घ्यावेत, आणि जास्त मुले असलेल्या वर्गात रोज एकाच रांगेच्या वह्या, पण पुढच्या तासाआधी, वाचाव्यात.