मायकोप्लाझ्मा आणि एल-फॉर्म : पेशीभित्तिका नसलेले जिवाणू

मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीचे कडक आवरण, मुळातच नसते. एल-फॉर्म हे एरवी भित्तिका असलेल्या जिवाणूंचेच रूप; ते मात्र ती पेनिसिलिनसारख्या औषधाच्या माऱ्यात टाकून देतात. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए श्वासमार्गातल्या पेशींना टोकाने घट्ट चिकटतो, हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून त्यांना इजा करतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. पेनिसिलिनचा घाव भित्तिकेच्या बांधणीवरच असतो, म्हणून इथे ते निरुपयोगी. अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागते.

एल-फॉर्मचे वर्णन एमी क्लीनेबर्गर यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये १९३५ साली केले. मला जास्त काळजी यांचीच वाटते. औषध थांबले की त्यांतले बरेचसे पुन्हा भित्तिका बांधतात! वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या वृद्धांच्या लघवीतही ते २०१९ मध्ये आढळले. संसर्ग उलटण्यामागे तेच असावेत, ही शंका रास्त आहे; पण मायकोप्लाझ्माइतका भक्कम पुरावा त्यांच्याविरुद्ध अजून नाही.