एकाच क्लचवर लाँच कंट्रोल : ई४६ एम३ (एसएमजी २) वापरल्यानंतरचा अनुभव

बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ एसएमजी २ गिअरबॉक्ससह वापरायला लागून बरेच महिने झाले आणि लाँच कंट्रोलबद्दल, म्हणजे उभी गाडी झटक्यात सोडताना आरपीएम आणि क्लच गाडीनेच सांभाळायच्या सोयीबद्दल, माझं मत आता पक्कं झालंय. बंद ट्रॅकवर ही सोय फार उपयोगाची आहे, फक्त दर वेळी तिची झळ क्लचला बसते.

एसएमजी मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच एकच आणि तोही कोरडा. फरक इतकाच की डाव्या पायाचं काम हायड्रॉलिक्स करतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप घरघरतो आणि दाब भरून घेतो. हा आवाज मला अजूनही आवडतो.

लाँचची कृती सोपी आहे. आधी इंजिन नीट तापू द्यायचं. या गाडीत ते डोळ्यांना दिसतं : तेल तापत जाईल तसे टॅकोमीटरवरचे केशरी दिवे एकेक करून विझतात. मग डीएससी (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद आणि ड्राइव्हलॉजिक, म्हणजे गिअर किती झटकन बदलायचे ते ठरवणारी सेटिंग, सगळ्यात तीव्र एस६ वर. गाडी उभी असताना लिव्हर पुढे ढकलून धरायचा आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. आरपीएम एका जागी थांबतात. लिव्हर सोडला की गाडी उसळी मारते. डीएससी बंद असल्यामुळे ती सरळ ठेवणं मात्र आपल्याच हातात असतं.

नुसता ॲक्सिलरेटर दाबून निघालं तर क्लच जुळेपर्यंत गाडी जरा घुटमळते. लाँच कंट्रोलमध्ये ती घुटमळ जाते आणि दोन सुरुवातींमधला फरकही कमी होतो. मला हा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो. टायरचा दाब बदलला किंवा टायर थोडे जास्त तापवले, तर नेमका काय फरक पडला ते त्यामुळेच कळतं. कंपनीचा ०-१०० चा आकडा ५.२ सेकंद आहे, पण त्याच्या मागे लागण्यापेक्षा हे समजून घेण्यात मला जास्त गोडी आहे.

आता क्लचचं. इंजिन समजा ४००० आरपीएमवर धरलंय. पहिल्या गिअरमध्ये त्या आरपीएमला जुळणारा वेग साधारण ताशी ३० किमी. गाडी तिथे पोचेपर्यंत क्लच घसरत राहतो. इंजिनाचा वेग कायम असेल तर त्या वेळात गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, तितकीच उष्णता क्लचमध्ये तयार होते. दीड टनाच्या गाडीसाठी हा हिशेब ५० किलोज्यूलच्या आसपास जातो, आणि तोही एक-दोन सेकंदांत. जुळणीचा वेग २० टक्क्यांनी वाढवा, उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे चढते. ओल्या क्लचच्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्समध्ये ही उष्णता तेल वाहून नेतं. इथे ती क्लचच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या चकत्यांत, म्हणजे प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलमध्ये साठते, मग सावकाश निवते. म्हणून लागोपाठ दोन लाँच मी कधीच करत नाही. मध्ये गाडी हलक्या पायाने फिरवून आणतो, क्लच पूर्ण जुळलेला ठेवून. जळकट वास आला तर त्या दिवसापुरतं लाँच बंद.

ओल्या डांबरावर किंवा थंड टायरवर याच्या नादी लागू नका. चाकं जागीच फिरतात आणि हाती काही लागत नाही. सार्वजनिक रस्त्यावर तर अजिबात नको.

क्लच फक्त लाँचनेच झिजतो असंही नाही. ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकणं आणि चढावर रिव्हर्स घेणं यातही तो घसरत असतो, आणि ते रोजचं असतं. पुढची गाडी नीट अंतर सोडेपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच निघायचं, ही सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरत नाही, ब्रेक वापरतो.

साधी एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्स, पण क्लच आणि गिअर यंत्राने चालणारा) गाडी असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अशा गाड्यांत लाँच कंट्रोल सहसा नसतोच, आणि ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम दाबून तो तयार होत नाही. टॉर्क कन्व्हर्टरच्या (क्लचऐवजी द्रवातून ताकद पोचवणाऱ्या) ऑटोमॅटिकमधली ही युक्ती तिथल्या द्रवामुळे चालते. एएमटीत मध्ये फक्त क्लचची तबकडी असते.

फॉर्म्युला वनमध्ये २००१ च्या स्पॅनिश ग्रां प्रीपासून लाँच कंट्रोलला परवानगी मिळाली आणि २००४ च्या हंगामापासून तो पुन्हा बंद झाला. सुरुवात ड्रायव्हरने स्वतः साधावी, हा तिथला आग्रह मला पटतो. तरीही मोकळ्या ट्रॅकवर, तापलेल्या टायरवर, लिव्हर सोडताक्षणी पाठ सीटला टेकते तेव्हा ही सोय गाडीत आहे याचा मला मनापासून आनंद होतो.

वापरलेली एसएमजी गाडी घेणार असाल तर आधी डायग्नोस्टिक जोडून क्लचची स्थिती तपासून घ्या. आणि नवा क्लच बसवल्याचं सांगितलं गेलं, तर त्यानंतर गिअरबॉक्सचं ॲडॅप्टेशन, म्हणजे त्याच्या संगणकाची नव्या क्लचशी जुळवणी, केलं होतं का, हेही विचारा.